आठ हजार दोनशे

वाळूजला माझ्या बेंचवर स्प्रिंगा मरायला येतात.
एक कोटी वेळा दाबायच्या, मग मोजायच्या.
खचली तिच्यावर लाल ठिपका.
तिसरी पाळी सुटते तरी तो ठेका अंगातून जात नाही,
रिक्षात, पोह्यांच्या गाडीवर,
उशीवरसुद्धा.

म्हणून व्यंकट हेड घेऊन माझ्याच दारात आला.
जुन्या एस्टीमचं. फरशीवर पेपर अंथरून
सोळा व्हाल्व ओळीनं मांडले,
वांग्याच्या भरतासारखे काळे.
"ताई, नऊ हजार फिरली पायजे.
सगळ्यात कडक स्प्रिंग टाक."

कडक म्हणजे चांगली, हे याला कुणी सांगितलं?
शाळेतल्या गुरुजींनी, बहुतेक.

कडक स्प्रिंग कॅमचं नाक खाते,
रॉकरचं तोंड झिजवते,
इंजिनाची ताकद स्वतःलाच दाबण्यात घालवते.
आणि मऊ?
मऊ स्प्रिंग व्हाल्वला वेळेवर घरी आणत नाही.
कॅम पुढं निघून जातो, व्हाल्व अधांतरी,
आणि खालून पिस्टन येतोच,
त्याला दार वाजवायची सवय नाही.
नऊ हजारावर हे सेकंदाला पंचाहत्तर वेळा.
म्हटलं, व्यंकट, आधी ओझं उतरव.

टायटॅनियमचे रिटेनर सोळा घ्यायचे तर
माझा दिवाळीचा बोनस आणि वर उधारी.
आठच मागवले, इनटेकपुरते. ते व्हाल्व मोठे, जड.
एक्झॉस्टला स्टीलच राहू दे.
व्यंकटचं तोंड उतरलं. लग्नात
अर्ध्याच वऱ्हाडाला फेटे बांधल्यासारखं वाटलं त्याला.

आमच्या काट्यावर ग्रॅमच्या खालचं दिसत नाही.
सराफ्यात दहिवाळ काकांकडं गेले.
काचेच्या पेटीत त्यांनी एकेक ठेवला,
आठ पूर्णांक एक, आठ पूर्णांक एक, आठ पूर्णांक दोन,
मग जुनं स्टीलचं ठेवलं: चौदा पूर्णांक तीन.
"हे कशाचं, पोरी?"
सांगितलं.
त्यांनी कसोटीच्या दगडाकडं हात नेला,
परत घेतला.
"मोडीत किती जाईल?"
काहीच नाही, काका.
"मग जपून वापर."

शहागंजला तौफिकनं सीट कापल्या.
"बाजी, गाइड ब्राँझ का डालो, पुराना नक्को."
त्याचं ऐकलं.
स्प्रिंग मधली निवडली,
बसलेली असताना बत्तीस किलो, उघडताना सत्तर,
वेटोळ्यांत दीड मिलिमीटर श्वास ठेवून.
भाचीची रंगीत माती पिस्टनवर थापली,
हातानं दोन फेरे फिरवलं, हेड उचललं.
हिरव्या मातीत व्हाल्वचा खळगा.
ब्लेडनं चिरून मोजलं: इनटेकखाली दोन मिलिमीटर.
एवढंच अंतर. यात एक रुपयाचं नाणंही
जेमतेम मावतं.

नऊ हजाराचं मी ऐकलं नाही.
कट-ऑफ आठ हजार दोनशेवर लावला
आणि लॅपटॉप उशाखाली घेऊन झोपले.
चार दिवस तो बोलला नाही.

शेंद्र्याला, कारखाने अजून न आलेल्या प्लॉटवर,
ड्रम ठेवून आखलेली वळणं.
धुळीत गाडी दिसत नव्हती, मी नुसती ऐकत होते.
सात हजार. साडेसात.
तिथं जुनं हेड भांड्यांच्या मांडणीसारखं खडखडायचं.
हे वर गेलं, घट्ट, एकाच सुरात,
शिवणयंत्रावर लांब टीप घालावी तसं,
आणि आठ हजार दोनशेवर
माझ्या भिंतीला डोकं आपटून
ढब्‌ ढब्‌ करत थांबलं.

तिसरा आला. व्यंकट म्हणाला, नऊ असते तर पहिला.
असेल.

रात्री कव्हर उघडलं.
अठराची पट्टी सगळ्या एक्झॉस्टला सरकली,
हलकी ओढ देत, तेल लावलेल्या कागदासारखी.
तिसऱ्याला मात्र विसाचीही गेली.
मी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं:
तारीख, तिसरा, वीस.
खाली पुढच्या वेळेसाठी जागा सोडली.